गुंतवणूक सुरक्षित आहे

पृथ्वीराज इंगवलेला शिवाजी पेठ अजून गोलकीपर म्हणूनच ओळखते. तालमीच्या फुटबॉल संघाकडून तो बरेच हंगाम खेळला. एका अंतिम सामन्यात पेनल्टी अडवताना त्याचं डावं मनगट मोडलं आणि जुळलं ते जरा वाकडंच. पेठेतली जुनी माणसं भेटली की आधी ते मनगट हातात घेऊन बघतात, मग चहा सांगतात. तो सरकारी तेल कंपनीत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिथं नेमकं काय करतो हे कुणी खोदून विचारत नसे. पृथ्वी समुद्रात असतोय, एवढ्यावर लोकांचं भागायचं.

त्याचे वडील जोतीराम उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भट्टीच्या धगीपुढं काढली, आणि पोरानं ती धग खायची नाही असं मनाशी धरून त्याला गारगोटीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला घातलं. पृथ्वीराजही जिद्दीचा. डिप्लोमा झाला, कंपनीची परीक्षा झाली आणि त्याला समुद्रातल्या तेलविहिरींवर पाठवण्यात आलं. पंधरवडाभर पाण्यात उभ्या असलेल्या लोखंडी फलाटावर राहायचं, पाइपांची जाडी तपासायची, गंज कुठं धरलाय ते बघायचं, आणि पुढचा पंधरवडा घरी. पुढं मोनाशी लग्न झालं. ती शाळेत गणित शिकवायची. दोघांनी कळंब्याला तलावाच्या अंगाला घर बांधलं आणि आबांना, म्हणजे जोतीरामना, पेठेतून तिकडं आणलं. आबांचा पाय काही तिथं ठरत नसे. सकाळची पहिली बस धरून ते पेठेत जात आणि जेवायला परत येत.

इथवर सांगण्यासारखं फारसं काही नाही. पुष्कळांचं आयुष्य असंच चांगलं चाललेलं असतं.

कंपनीच्या समुद्रातल्या विहिरी म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. दरवर्षी तेल थोडं कमी, पाणी थोडं जास्त. नफा मात्र साठलेला होता, आणि तो नुसता ठेवून चालणार नव्हता. म्हणून कंपनी तो बाहेर गुंतवू लागली. कुठं बर्फातलं तेल, कुठं वाळवंटातलं, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राखाली सापडलेला गॅस. तो गॅस काढायचं काम एका परदेशी कंपनीकडं होतं. आपल्या कंपनीनं त्यात दहावा वाटा घेतला. तिथं आपली चार माणसं पाठवायची ठरलं, तेव्हा पृथ्वीराजनं आपणहून नाव दिलं.

आबांनी त्याला हे सगळं समजावून सांगायला लावलं. तो म्हणाला, "आपल्या हिरीचं पाणी आटाय लागलंय. म्हणून दुसऱ्याच्या रानात वाट्यानं हीर पाडायची. पैसा आज घालायचा, पाणी ईस-तीस वर्सं खायचं."

आबा म्हणाले, "आणि रानाचा मालक काय करतोय?"

"त्येला बी मिळतंय की त्येचं."

मोनानं त्या आठवड्यात त्याच्याशी फार बोलणं ठेवलं नाही. तिला त्यानं जाऊ नये असं वाटत होतं, आणि ती तसं म्हणणारीही नव्हती.

तो किनारा पृथ्वीराजला आवडला. नारळ, काजू, पांढरी वाळू, कोकणासारखंच सगळं, फक्त सपाट. जिथं गॅस थंड करून त्याचं द्रव करायचा कारखाना उभा राहणार होता तिथं आधी कोळ्यांचं गाव होतं. ते उठवून आत वसवलं होतं. नवी सिमेंटची घरं एका ओळीत, प्रत्येकाला न्हाणीघर, प्रत्येकाला पत्रा. फक्त समुद्र दूर गेला होता. होड्या एका बाजूला ओढून ठेवलेल्या आणि त्यांच्या फळ्यांना फटी पडत चाललेल्या. कंपनीच्या पाहुण्यांना ते नवं गाव मुद्दाम दाखवलं जायचं.

त्या गावचा अमादे कॅम्पवर गाडी चालवायचा. मूळचा कोळी. तरुणपणी तो हसमुखभाई नावाच्या गुजराती दुकानदाराकडं हमाली करत होता, त्यामुळं त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, मध्येच गुजराती शब्द घुसडलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं पृथ्वीराजचं वाकडं मनगट बघून विचारलं, हे कशानं? पृथ्वीराजनं खुणेनं पेनल्टी अडवून दाखवली. अमादे इतका हसला की त्यानं गाडी बाजूला घेतली. तोही गोलकीपर निघाला.

मग रोज कामावरून सुटल्यावर कॅम्पच्या मागच्या वाळूत खेळ सुरू झाला. दोघंही गोलात उभं राहायला मागायचे आणि त्यावरून भांडायचे. अमादेच्या घरी पृथ्वीराज जेवला, नारळाच्या रसातला मासा आणि भात. त्याची बायको मुआनाशा तेव्हा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, पण निघताना तिनं काजूची पिशवी हातात दिली. सुट्टीवर येताना पृथ्वीराजनं ती मोनाला आणून दिली आणि जाताना मुआनाशासाठी कांदा-लसूण चटणी नेली. अमादेनं ती बोटानं चाखली आणि पाण्यासाठी अंगणभर पळाला. हे पृथ्वीराजनं घरी फोनवर सांगितलं तेव्हा आबा बराच वेळ हसत होते.

हत्यारबंद टोळ्यांच्या बातम्या अधूनमधून यायच्या, पण दूरच्या गावांतल्या. कॅम्पला तारेचं कुंपण होतं, पहारा होता. करोना ओसरत आला होता, काम जोरात चाललं होतं.

त्या दिवशी पृथ्वीराज आणि त्याचे दोन सहकारी जवळच्या गावातल्या गोदामात पाइप तपासायला गेले होते. अमादे गाडीवर होता. दुपारी जेवण उरकतंय तोवर बाजाराच्या बाजूनं गोळ्यांचा आवाज आला. आधी कुणाला खरं वाटेना. मग माणसं पळत येताना दिसली. अमादेनं तिघांना गाडीत कोंबलं, मोठा रस्ता सोडला आणि काजूच्या बागांतून, त्यालाच ठाऊक असलेल्या बैलवाटेनं गाडी घातली. वाटेत त्यानं दोनदा गाडी बंद करून नुसतं ऐकलं. एका ठिकाणी त्यांच्यापुढून हातात बंदुका घेतलेली पोरसवदा माणसं रस्ता ओलांडून गेली. अमादेनं पृथ्वीराजच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती जाईपर्यंत तो हात काढला नाही.

ते किनाऱ्यावर पोचले तेव्हा धक्क्याला परदेशी कंपनीची बोट लागली होती. धक्क्याच्या तोंडाशी रखवालदार उभे होते. निळं कार्ड असेल त्याला आत सोडत होते. निळं कार्ड म्हणजे कंपन्यांची माणसं. ठेकेदाराच्या माणसांना पिवळं. अमादेच्या गळ्यात पिवळं होतं.

पृथ्वीराज आत गेला. आत गेल्यावर त्यानं मागं वळून बघितलं. अमादे रखवालदाराशी भांडत नव्हता, काही मागत नव्हता. नुसता त्याच्याकडं बघत उभा होता. बोटीत जागा होती. हे पृथ्वीराजला नंतर कुणी सांगायची गरज पडली नाही, त्याच्या शेजारचं बाकच रिकामं होतं. एक शब्द बोलायला हवा होता. हा माझा माणूस आहे, यानं आम्हाला आणलं, एवढंच. रखवालदार नाही म्हणेल, आपल्यालाही खाली उतरवील, असलं काहीतरी मनात येऊन गेलं. दोर सुटला तेव्हा अमादे मोठ्यानं म्हणाला, "जाओ भाई, मैं दूसरी में आता."

दुसरी बोट आली नाही.

मुंबईच्या विमानतळावर कंपनीनं त्यांच्या गळ्यात हार घातले. कळंब्याला मोनानं ओवाळलं. पेठेतली माणसं भेटायला येऊन गेली. पृथ्वीराज सगळ्यांना तेच तीन शब्द सांगायचा, वाचलो देवाच्या दयेनं. अमादेचं नाव त्यानं कुणापुढं काढलं नाही. त्याचा फोन लावला की बंद लागायचा. हसमुखभाईंचं दुकान जळालं होतं, ते पोरबंदरला परत गेल्याचं कळलं. त्यांचा नंबर काही केल्या मिळाला नाही.

परदेशी कंपनीनं तिथलं काम थांबवल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांनी कंपनीच्या वित्त विभागाच्या बड्या साहेबांचं भाषण सगळ्या कर्मचाऱ्यांना फोनवर आलं. पृथ्वीराजनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं. साहेब म्हणत होते, काळजीचं कारण नाही, आपली गुंतवणूक सुरक्षित आहे. गॅस समुद्राखाली आहे तिथंच आहे, तो कुठं जात नाही. परिस्थिती निवळली की काम पुन्हा सुरू होईल, आज घातलेला पैसा उद्याच्या पिढीला मिळेल. साहेबांचा आवाज चांगला होता, समजावून सांगणारा. मोना चपात्या लाटत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं तर तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

त्यानंतर त्याचं बोलणं कमी झालं. पुन्हा मुंबईच्या समुद्रात पंधरवडा, घरी पंधरवडा, कामात चूक नाही. पण सामन्याला जायचा नाही. मैदानावरचा ओरडा कळंब्याहून ऐकू येत नव्हता, ते त्याला बरं वाटायचं. एकदा तो दिल्लीच्या कार्यालयात गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याला अमादेचं विचारलं. अधिकारी भला होता. त्यानं बसवून घेतलं, चहा मागवला, आणि सांगितलं, तो ठेकेदाराचा माणूस. आपला वाटा दहावा. तिथलं माणसांचं सगळं ती परदेशी कंपनी बघते, आपल्याला त्यात विचारता येत नाही. पृथ्वीराजनं चहा पिऊन संपवला आणि रेल्वे धरली.

वर्षं गेली. तिथं सैन्य बसलं, रस्ते उघडले, आणि काम पुन्हा सुरू व्हायची चिन्हं दिसू लागली. कॅम्प परत वसणार म्हटल्यावर हसमुखभाईही पोरबंदरहून परतले आणि जळक्या भिंतींवर नवं छप्पर घालून त्यांनी दुकान मांडलं. एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला, कॅम्पवरून पृथ्वीराजचा नंबर मिळवून केलेला, चित्र दिसणारा. मागं मिठाची पोती दिसत होती. ते म्हणाले, इथं कुणीतरी आलंय, तुमच्याशी बोलायचंय, मी मध्ये सांगतो. आणि फोन मुआनाशाच्या हातात गेला.

ती खूप वाळली होती. पण तिच्या तोंडावर हसू होतं. ती आपल्या बोलीत भराभर बोलली आणि हसमुखभाईंनी ते हिंदीत सांगितलं. ती त्या दिवशी आईच्या गावी होती. पळापळीत सगळं गाव फुटलं, ती दक्षिणेत निर्वासितांच्या छावणीत गेली, आता परत आलीय. तिला तेव्हाच कुणीतरी सांगितलं होतं, अमादे भारतीय साहेबांना घेऊन धक्क्यावर गेला, बोट गेली. म्हणजे तो बोटीतून गेला. तुमच्या देशाला गेला. इतकी वर्षं ती देवाचे उपकार मानत होती. एवढंच विचारायचंय, तो बरा आहे ना? तिकडं कामाला आहे का? फोन का करत नाही? दुसरी केली असेल तरी ती काही म्हणणार नाही.

पृथ्वीराज अंगणात उभा होता. आबा जवळच खुर्चीवर पेपर वाचत होते, मोना दारात होती. त्याला वाटलं फोन खाली ठेवावा. मग त्याच्या तोंडून निघालं, "हसमुखभाई, तिला सांगा, तो बोटीत नव्हता."

हसमुखभाईंनी ते लगेच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, नक्की? पृथ्वीराज म्हणाला, मी आत होतो, तो बाहेर राहिला. मग पलीकडं हळू बोलणं झालं. मुआनाशाचं हसू गेलं नाही, ते तोंडावर तसंच राहिलं, जणू काढायचं कसं ते तिला सुचत नव्हतं. तिनं एक प्रश्न विचारला. हसमुखभाईंनी तो खाली बघत सांगितला. त्याला आत घ्या असं तुम्ही म्हणाला होता का?

"न्हाय," पृथ्वीराज म्हणाला. हिंदीत बोलायचं तो विसरला. "म्या काय बी बोललो न्हाय. जागा हुती. बोललो न्हाय."

हसमुखभाईंना ते कळलं. मराठी येत नसली तरी कळलं. त्यांनी ते तिला सांगितलं की नाही, ते पृथ्वीराजला माहीत नाही. फोन आडवा झाला, छप्पर दिसलं, आणि बंद झाला.

आबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी पृथ्वीराजनं पहिल्यांदा दोघांना सगळं सांगितलं, बैलवाट, बंदुकांची माणसं, गुडघ्यावरचा हात, रिकामं बाक. मोना रडली. नवऱ्यासाठी की त्या बाईसाठी, हे तिचं तिलाही कळलं नसेल. आबा फक्त एवढं म्हणाले, "तुला बी मरायचं भ्या हुतं की रं." पण त्या वाक्यानं काही हलकं झालं नाही, आणि ते आबांनाही कळलं.

महिन्याभरात कंपनीतून विचारणा आली. काम सुरू होतंय, तुम्हाला ती जागा माहीत आहे, पुन्हा जाल का? वाढीव पद देऊ. पृथ्वीराजनं नाही सांगितलं. मोनाला वाटलं, भीतीनं. तिनं तसं बोलूनही दाखवलं, की बरं केलंत. तो म्हणाला, "भ्या न्हाय गं. तिथं जाऊन पगार घ्यायचा आणि तिच्या दारावरनं रोज गाडीतनं जायचं, हे जमायचं न्हाय." एकदा नुसतं जाऊन तिच्यापुढं उभं राहावं असं त्याच्या मनात फार होतं. हसमुखभाईंकडून त्यानं विचारून बघितलं. तिचं उत्तर आलं, येऊ नका.

त्या वर्षी मोहरमात पेठेच्या तालमीत नेहमीप्रमाणे पीर, म्हणजे पिराचे पंजे, बसले. आबा दरवर्षी पंजाला नैवेद्य घेऊन जायचे. या खेपेला ते पृथ्वीराजला म्हणाले, "तुझ्या त्या दोस्ताची माती कुठं झाली आपल्याला ठावं न्हाय. बाबूजमालच्या दर्ग्याला जाऊन त्येच्या नावानं चादर घालूया. आपल्यानं दुसरं काय हुतंय?"

दोघं बापलेक सकाळी दर्ग्यात गेले. फुलांची चादर घेतली, साखर-फुटाणे घेतले. मुजावर वयस्क होते, आबांच्या ओळखीतले. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं फातिहा द्यायची? पृथ्वीराज म्हणाला, अमादे. मुजावर म्हणाले, म्हणजे अहमद. आणि वडिलांचं नाव?

पृथ्वीराजला ते माहीत नव्हतं. त्याच्याबरोबर तो जेवला होता, खेळला होता, त्याच्या जिवावर वाचला होता, आणि त्याच्या बापाचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो उभ्या जागी कावराबावरा झाला. मुजावर समजून म्हणाले, असू द्या, देवाला ठाऊक आहे, नुसतं अहमद म्हणतो.

"थांबा," पृथ्वीराज म्हणाला.

दर्ग्याच्या बाहेर येऊन त्यानं हसमुखभाईंना फोन लावला आणि काय हवंय ते सांगितलं. तिला विचारून कळवतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बापलेक कट्ट्यावर बसून राहिले. समोरून अंबाबाईला जाणारी माणसं जात होती, फुलवाले ओरडत होते. चादरीतली फुलं मलूल व्हायला लागली, तरी आबांनी घाई केली नाही. पृथ्वीराजला वाटत होतं ती सांगणार नाही, आणि तिनं सांगितलं नाही तर तिचं बरोबरच होतं.

फोनवर निरोप आला तो हसमुखभाईंचा नव्हता. मुआनाशानं स्वतः, आपल्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द तोडून नाव बोलून पाठवलं होतं. अमादे. बाप सेलेमाने. आजा बकारी. आणि गावाचं नाव, नामुंगे. ते सिमेंटच्या घरांच्या नव्या गावाचं नाव नव्हतं. कारखान्यासाठी उठवलेल्या, समुद्राकाठच्या जुन्या गावाचं होतं. बाकी एक अक्षर नव्हतं.

पृथ्वीराजनं फोन मुजावरांच्या कानाजवळ धरला. त्यांनी ते दोनदा ऐकलं, ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं, आणि मग डोकं झाकून, डोळे मिटून, त्या गावासकट सगळं नाव घेतलं.